भाचीच्या पीएचडीचा विषय: गाण्याचा वर्ग, व्हॉट्सॅप आणि एपिजेनेटिक्स, हे एकत्र बसतं का?

पेटीवाली_घणसोली (रविवार, रात्री १०.४२)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण आज विचारायचंच आहे. घणसोली गावात देवळामागच्या खोलीत आमचा मुलांचा गाण्याचा वर्ग चालतो, मंगळ-गुरु-शनि संध्याकाळी साडेसहाला. फी नाही. तीसेक मुलं, निम्मी गावातली आगरी-कोळ्यांची, निम्मी चाळीतली, आईबाप एमआयडीसीत नाहीतर घरकामाला. पेटी मी वाजवते, पखवाज शिकवायला गावातलेच एक बुवा येतात. दोन मुली गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत पोचल्यात, बाकीच्यांना परीक्षा नकोच आहे, त्यांना सप्ताहात गायला उभं राहायचंय.

आता मुद्दा. माझी भाची बायोटेकमध्ये एम.एस्सी. झाली, पीएचडीला विषय शोधतेय. तिचं म्हणणं असं की ही मुलं कारखान्यांच्या पट्ट्यात राहतात, रात्री वास येतो, धूळ असते, तर त्याचा जनुकांच्या चालू-बंद होण्यावर काय परिणाम होतो ते बघायचं, मग गाण्याने त्यात काही फरक पडतो का ते बघायचं, आणि आमचा वर्ग लॉकडाऊनपासून अर्धा व्हॉट्सॅपवर चालतो तर तोही अभ्यासात घ्यायचा. ज्या सरांना ती भेटली ते म्हणाले तीनातलं एक धर. ती दोन दिवस नीट जेवली नाहीये.

मला गाणं कळतं, यातलं एपिजेनेटिक्स अजिबात कळत नाही. दोनच प्रश्न. हे तिन्ही खरंच एकत्र बसतं का? आणि माझ्या पोरांच्या थुंकीचे नमुने घ्यायला मी हो म्हणू का? पालक माझ्या शब्दावर सही करतील, तेच मला जड जातंय.

पेट्रीडिश_खारघर (रविवार, रात्री ११.२०)

ताई, आधी तुमच्या भाचीला जेवायला सांगा. विषय वाईट नाहीये, फार मोठा आहे एवढंच.

एपिजेनेटिक्स म्हणजे काय ते तुमच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न करतो. डीएनए म्हणजे छापलेलं नोटेशन धरा, ते सगळ्या पेशींत सारखंच. पण यकृताची पेशी वेगळं गाते आणि मेंदूची वेगळं, कारण कुठल्या ओळी गायच्या आणि कुठल्या गाळायच्या याच्या पेन्सिलच्या खुणा प्रत्येकीत वेगळ्या असतात. त्यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली खूण म्हणजे मिथायलेशन, डीएनएच्या सायटोसिन नावाच्या अक्षराला एक छोटा मिथाइल गट चिकटतो. अक्षर बदलत नाही, खूण बदलते. एपिजेनेटिक्स हा शब्द वॅडिंग्टन यांनी १९४२ साली वापरात आणला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती.

वातावरणाने या खुणा बदलतात याला पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. त्यावेळी ज्यांचा गर्भ राहिला त्यांची साठ वर्षांनी त्यांच्याच भावंडांशी तुलना केली तर आयजीएफ२ नावाच्या वाढीशी संबंधित जनुकावर मिथायलेशन कमी निघालं, हा पेपर २००८ चा. सिगारेटचं तर इतकं स्पष्ट आहे की एएचआरआर जनुकावरच्या एका जागेची खूण बघून माणूस ओढतो का ते बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ओढणं सोडलं की ती खूण हळूहळू परत यायला लागते. म्हणजे हे कपाळावर कोरलेलं नाही, हे पालकांना नक्की सांगा. बॉस्टनमध्ये वयस्क पुरुषांच्या रक्तात हवेतल्या बारीक कणांनंतर मिथायलेशन घटलेलं दिसलं, तो अभ्यास २००९ चा.

पण अडचण कुठे आहे ते उद्या लिहितो, सकाळी लॅबला लवकर जायचंय.

दोन_जीव (सोमवार, सकाळी ८.०५)

मध्येच विचारते, राग येऊ देऊ नका. मला सहावा महिना चालू आहे, नेरुळला असते. सासरच्या ग्रुपवर गर्भसंस्काराचे फॉरवर्ड रोज येतात की अमुक राग ऐकला की बाळाचा डीएनए बदलतो. आता एपिजेनेटिक्स शब्द पण त्यात यायला लागलाय. खरं काय आहे? ऐकलं नाही तर माझ्या बाळाचं काही कमी होईल का, असं सारखं मनात येतं.

पेट्रीडिश_खारघर (सोमवार, दुपारी १.१५)

@दोन_जीव, ताई काहीही कमी होणार नाही. निर्धास्त रहा.

जे ठाम माहीत आहे ते असं. साधारण पाचव्या महिन्यापासून बाळाला ऐकू यायला लागतं, पुढे वाढत जातं. पोटातून जाताना वरचे सूर गाळले जातात, खालचे पोचतात, त्यामुळे चाल आणि लय पोचते, शब्द अस्पष्ट. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं आणि पसंत करतं हे १९८० सालीच दाखवलंय. फिनलंडमध्ये शेवटच्या तिमाहीत एक चाल परत परत ऐकवली तर जन्मल्यावर आणि चार महिन्यांनीही मेंदूचा प्रतिसाद जास्त दिसला, २०१३. म्हणजे बाळ लक्षात ठेवतं. हेच केवढं सुंदर आहे! यापुढे जाऊन अमुक रागाने डीएनए बदलतो हे कुणीही दाखवलेलं नाही. तुम्ही स्वतः गुणगुणलात तरी पुरे, बाळाला तुमचाच आवाज सगळ्यात जवळून ऐकू येतो.

फिनलंडच्याच दुसऱ्या गटाने २०१५ साली मोत्सार्टचं संगीत २० मिनिटं ऐकवून रक्तातल्या जनुकांची अभिव्यक्ती मोजली होती, फरक सापडले. पण अभिव्यक्ती म्हणजे त्या घडीला जनुक किती वाजतंय, ती खूण नव्हे, आणि प्रौढ माणसं होती ती. फॉरवर्डवाले इथूनच उडी मारतात.

नौपाडा_आकडे (सोमवार, दुपारी ३.४०)

पेट्रीडिश यांना पूर्ण अनुमोदन. मी ठाण्यात चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून जुनी आठवण सांगतो. १९९३ मध्ये नेचरमध्ये एक पानभर पत्र आलं, ३६ कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोत्सार्ट ऐकवला, आकृत्यांच्या कोड्यात ती जरा बरी निघाली आणि तो परिणाम पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. पाच वर्षांत अमेरिकेत जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला कॅसेट किंवा सीडी द्यायला १,०५,००० डॉलर मागितले. तेव्हा व्हॉट्सॅप नव्हतं. म्हणजे दोष नुसता फोनचा नाही, आईबापाच्या काळजीचा वेग कुठल्याही नेटवर्कपेक्षा जास्त असतो.

भाचीच्या विषयाबद्दल. मिथायलेशन मोजायची जी चिप असते तिच्यावर साधारण साडेआठ लाख जागा असतात. नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी लावली तर काहीही खरं नसताना ४२,५०० जागा "सापडतील". म्हणून तिथे कसोटी दहा कोटीत नऊ इतकी कडक ठेवतात. आता तीस मुलं घेऊन त्या कसोटीला काय टिकणार? गरोदरपणातल्या धूम्रपानाचा जो मोठा एकत्रित अभ्यास २०१६ ला आला त्यात तेरा गट मिळून साडेसहा हजारांवर बाळं होती, तेव्हा कुठे पक्कं सांगता आलं. आणि सिगारेट म्हणजे तुमच्या गाण्याच्या वर्गापेक्षा कितीतरी जोरकस गोष्ट आहे शरीराच्या दृष्टीने.

लेकीला सांगा सरांनी तिचा अपमान नाही केला, वाचवलंय तिला.

रबाळे_रातपाळी (सोमवार, रात्री ११.५५)

मी कारखान्यांच्या बेल्ट मध्येच काम करतो, दिघ्याला राहतो. तुमचं आकड्याचं सगळं बरोबर असेल साहेब पण आमच्याकडे रात्री दोनला खिडकी लावून घ्यावी लागते, पोराला खोकला, तक्रार केली की माणूस येतो सकाळी दहाला तेव्हा वास गेलेला असतो. मग कुणीतरी आमच्या पोरांचं मोजायला तयार आहे तर तुम्ही म्हणताय तीस कमी पडतात. मग हजार घ्या ना. आमच्याकडे पोरं कमी आहेत का?

पेट्रीडिश_खारघर (मंगळवार, सकाळी ७.१०)

दादा, तुमचा संताप बरोबर आहे. मी तळोजा एमआयडीसीच्या शेजारी राहतो, २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कासाडी नदीच्या काठची कुत्री निळी झालेली सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, तेव्हा लोकांना पटलं. निळा रंग दिसला म्हणून. जे दिसत नाही त्याचं काय, हाच प्रश्न आहे.

पण एक लक्षात घ्या, हवा खराब आहे हे सिद्ध करायला पोरांची जनुकं लागत नाहीत. हवा मोजली की झालं. बारीक कणांची, पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची ५ वर आणली. रात्री दोनला तुमच्या खिडकीत यंत्र असेल तर त्या दिवशीच बोलता येतं. मिथायलेशनची वाट बघत बसलात तर उत्तर पाच वर्षांनी येईल आणि समोरचा म्हणेल की पुरावा अपुरा आहे, आणि तो खोटंही बोलत नसेल.

आता अडचण, काल राहिली होती ती. थुंकीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात, गालाच्या आतल्या अस्तराच्या आणि रक्तातल्या पांढऱ्या. दोघींच्या खुणा मुळातच वेगळ्या. पोराला सर्दी झाली की पांढऱ्या वाढतात, म्हणजे जूनमध्ये एक नमुना आणि जानेवारीत दुसरा घेतला तर फरक दिसेलच, तो गाण्याचा की हवेचा की सर्दीचा हे वेगळं काढायला गणित करावं लागतं. शिवाय आहार, घरातली चूल, बापाची विडी. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून गावागावांतल्या आया आणि मुलं धरून ठेवली, पुढे त्यांना दिसलं की आईत बी१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त. आणि हे बी१२, फोलेट दोन्ही मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीतच येतात. म्हणजे आपल्या माणसांत ताटातलं आधी बघावं लागतं, मग हवा, मग गाणं. एका पीएचडीत नाही व्हायचं ते. याज्ञिकांना एक आयुष्य लागलं.

लेटन्सी_ऐरोली (मंगळवार, दुपारी २.३०)

सगळे जनुकांवरच बोलताय, मधला भाग सोडून दिला. मी टेलिकॉममध्ये आहे आणि घरी तबला वाजवतो म्हणून मला व्हॉट्सॅपवरचा वर्ग हाच खरा विषय वाटतो.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी अनुभवलंय की कॉलवर दोघांना एकत्र गाता येत नाही. कारण साधं आहे. आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे खोलीत आठ-नऊ मीटरवर बसलेल्या माणसाचा सूर २५ मिलिसेकंदांनी पोचतो, तेवढ्यात आपण सांभाळून घेतो. त्याच्या पुढे गेलं की लय घसरायला लागते. स्टॅनफर्डमध्ये दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, उशीर वाढवत नेला तशी लय संथ होत गेली, आणि मजा म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या खाली लोक उलट किंचित पळायला लागले! आपला व्हिडिओ कॉल सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा ५०० ची, म्हणजे १५० चा उशीर म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मात्रा गेली. तिथे ठेका धरणार कसा?

दुसरं, कॉलचं सॉफ्टवेअर एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याचा आवाज समजून कापतं, आणि तानपुरा तर एकसारखाच चालतो. आधारच कापला जातो. झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू केलं की बरंच सुधारतं, पण हे चाळीतल्या पोराच्या बापाच्या फोनवर कोण करून देणार. ब्लूटूथ हेडफोन असेल तर त्याचा आणखी उशीर.

ताई, तुम्ही नेमकं कसं शिकवता व्हॉट्सॅपवर? ते लिहा ना.

पेटीवाली_घणसोली (मंगळवार, रात्री १०.१५)

वर्ग आटोपून आले. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंय, भाचीला सगळं वाचून दाखवलं. ती आज जेवली.

व्हॉट्सॅपचं असं, कॉल मी पहिल्या आठवड्यातच बंद केला, लेटन्सीदादा सांगतायत तेच झालं, एकीचा सा दुसरीच्या ग वर. मग व्हॉइस नोट सुरू केली. मी चार ओळी पेटीवर गाऊन टाकते, पोरं रात्री बाप घरी आला की त्याच्या फोनवर ऐकतात, म्हणून नोट पाठवायची ती आठच्या आत, आणि पोरांचं उत्तर येतं ते साडेनऊ ते साडेदहात. कधीकधी मागे कुकरची शिट्टी, कधी बाप स्वतःच सूर लावतो. एक बाप, फोर्कलिफ्ट चालवतो, तो आता वर्गाला येऊन मागे बसतो. त्याला लहानपणी गायचं होतं.

एक गोष्ट बिघडली ती पण सांगते. पोरं नोट दुप्पट वेगाने ऐकायला लागली. स्वर तोच राहतो म्हणून त्यांना वाटतं चाललंय, पण श्वास कुठे घ्यायचा ते कळतच नाही, वर्गात आली की ओळ अर्ध्यात तुटते. मी आता नोटमध्ये पहिल्यांदा हाताने टाळी वाजवून लय देते आणि सांगते की टाळी माझ्याबरोबर वाजवून पाठव. सहा महिने लागले बसायला.

खाडीकाठ_दिवा (बुधवार, सकाळी ९.३०)

ताई हे जे तुमी लिवलंय ना हीच पीएचडी हाय. मी पखवाज वाजवतो, वडलांकडून शिकलो, वडील त्यांचे काकांकडून. आमचे गावात भजनाला बुवा असतो, तो पोरांना फी घेत नाय, पोरगा मागे टाळ धरून बसतो दोन वरसं, मग एक दिवस त्याला पुढे ओढतात. कुठे लिहून ठेवलेलं नाय. आता तोच पोरगा युट्यूबवरनं बोल शिकून येतो, हात तयार असतो पण कुणाच्या मागे वाजवायचं ते येत नाय, गाणाऱ्याचं तोंड बघत नाय. ह्यावर कुणी लिहिलं तर मी स्वतः माहिती देतो, दिवा, दिवाळे, करावे सगळीकडचे बुवा ओळखीचे हायत.

नौपाडा_आकडे (बुधवार, सकाळी ११.००)

खाडीकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं दरबारातून आणि घराण्यातून काढून चार लोकांच्या पोरांपर्यंत न्यायला. त्या परंपरेच्या मंडळाचं कार्यालय आज वाशीत आहे, म्हणजे भाचीच्या दारात. पण बुवांची शाळा त्या परीक्षांच्या बाहेर चालते आणि तिची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

शास्त्रीय पद्धतीनेच करायचं असेल तरी जनुकांशिवाय करता येतं. व्हेनेझुएलात १९७५ पासून आब्रेऊ यांची एल सिस्टेमा नावाची सामुदायिक संगीत शाळांची साखळी चालते. तिथे सहा ते चौदा वयाच्या २,९१४ मुलांवर अभ्यास झाला, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना एक वर्ष आधी प्रवेश, निम्म्यांना नंतर. कुणाला वंचित ठेवलं नाही, फक्त रांग लावली. २०१७ च्या त्या पेपरात आत्मसंयमात थोडा फायदा दिसला, हिंसा वाट्याला आलेल्या मुलग्यांत वागणुकीचा जास्त. मोजलेल्या बाकीच्या पुष्कळ गोष्टींत काहीच नाही, आणि त्यांनी ते तसं छापलं. मला हा पेपर म्हणूनच आवडतो.

पेट्रीडिश_खारघर (बुधवार, रात्री ९.२०)

थुंकीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ताई. मी स्वतः हेच काम करतो तरी सांगतो, आत्ता नको म्हणा.

एक तर त्यातून कुठल्याही एका मुलाबद्दल काहीही सांगता येणार नाही, सांगता येतं ते गटाच्या सरासरीबद्दल, पण आई विचारणारच की माझ्या मुलीचं काय निघालं. दुसरं, गावात शब्द पसरेल तो "जनुकात बिघाड निघाला" असाच पसरेल, आणि दहा वर्षांनी एखाद्या मुलीचं स्थळ त्यावरून मोडलं तर ते कुठल्या जर्नलमध्ये येणार नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांवरच्या मुलाला त्याला कळेल अशा भाषेत सांगून त्याचीही संमती घ्यायची आहे, नुसती पालकांची सही पुरत नाही. तुमचा शब्द म्हणून सही झाली तर ती संमती नव्हेच, तुम्हाला जड जातंय ते अगदी योग्य आहे.

भाचीला एपिजेनेटिक्स सोडायचं नसेल तर ज्यांचे नमुने आधीच रीतसर घेतलेले आहेत अशा मोठ्या गटांच्या आकड्यांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये जाऊ दे. हवेचा प्रश्न तिथे नीट विचारता येईल. तुमच्या वर्गाला गाण्याचा वर्ग राहू दे. तो कुणाच्या तरी सिद्धांताचा पुरावा निघाला नाही तरी त्याची किंमत तेवढीच आहे.

रबाळे_रातपाळी (गुरुवार, पहाटे ५.४०)

आत्ता सुटलो. हवेचं यंत्र कितीला येतं कुणी सांगेल का. आमच्या चाळीत पंधरा घरं आहेत, वर्गणी काढू.

लेटन्सी_ऐरोली (गुरुवार, सकाळी ८.१५)

दादा, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. माझ्याकडे एक आहे, शनिवारी दिघ्याला घेऊन येतो. आठवडाभर ठेवा खिडकीत, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, वास आला की शेजारी खूण. स्वस्तातला सेन्सर दमट हवेत जास्त दाखवतो, म्हणून अधिकृत केंद्राच्या आकड्याशी ताडून बघावं लागेल, ते मी करतो.

पेटीवाली_घणसोली (शुक्रवार, रात्री ११.०५)

कालच्या वर्गात भाची येऊन बसली, पूर्ण दीड तास. काही विचारलं नाही, वहीत लिहीत होती. घरी आल्यावर म्हणाली, मावशी तुझ्या फोनमध्ये चार वर्षांच्या व्हॉइस नोट्स आहेत ना, त्या पुसू नकोस. मी म्हटलं त्यात पोरांचे आवाज आहेत, घरातली भांडणंसुद्धा आहेत मागे, त्या तुलाही अशा देणार नाही, आधी पालकांना बोलवू, पोरांना विचारू, ज्याला नको त्याच्या काढून टाकू. ती हो म्हणाली. सरांना ती सोमवारी भेटतेय, विषय एकच घेऊन, घरात एकच फोन असताना पोरं लय कशी शिकतात. मिथायलेशनचं दुःख आहे तिला अजून, दिसतं तोंडावर, पण पेट्रीडिश यांनी सांगितलेल्या लॅब्जची यादी ती करतेय, पुढेमागे म्हणून.

@खाडीकाठ, बुवांना भेटायचं ठरलं तर ती रविवारी मोकळी आहे. दिव्याला सकाळी येऊ की संध्याकाळच्या भजनाला?

खाडीकाठ_दिवा (शनिवार, सकाळी ७.००)

भजनालाच या ताई. साताला. पोरीला सांगा टाळ धरायला लागंल.